मोरांची नोकरी

दसरा झाला की करंजदऱ्यात माणूस शोधावा लागतो. टोळ्यांच्या गाड्या येतात, भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं सगळं वर चढतं आणि गाव उठून कृष्णाकाठच्या उसात जाऊन बसतं. मागे राहतात ती थकलेली माणसं आणि डोंगरातल्या अभयारण्यातले मोर. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं. म्हणून अभयारण्यात कामाला गावचीच माणसं घ्यायची असं जंगलखात्याने ठरवलं तेव्हा गावाला आधी हसू आलं.

बैठक मजूर सहकारी संस्थेच्या ओट्यावर होती. संस्था म्हणजे एक खोली, पत्र्याची पाटी आणि चेअरमन मोहनराव. रस्त्याची, पाझर तलावाची कामं संस्था घ्यायची. आता अभयारण्यातली माणसंही तिच्याच मार्फत लागणार होती. त्या साली मृगाने नुसतं तोंड दाखवलं होतं. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, लोकांनी ओल्या फडक्याने पुसून त्यांना सजवलं होतं. डोंगरातले झरे गणपतीतच आटले, आणि मोर पाण्यासाठी वस्तीवर उतरायला लागले. कुत्री त्यांना धरत. तेव्हा पाणवठे टँकरने भरायचे, झाडलोट करायची, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा साफ ठेवायच्या, या कामाला दोन पुरुष आणि एक बाई हवी होती.

"अट एकच हाय," मोहनराव म्हणाले. "माणूस इथला पाहिजे आन् बाराही महिने गावात राहणारा पाहिजे."

"तसा एकच हाय आपल्यात," शहादेव मुकादम म्हणाला. "वेशीतला मारुती. लिवा त्याचं नाव."

"त्याला सही येती का बे?" मागून कोणीतरी विचारलं.

"सही नसली तर अंगठा घ्या. शेपूटबी चालंल."

हशा ओसरल्यावर बायकांच्या बाजूने आवाज आला. "मी राहते."

शिवकन्या उभी राहिली होती. गडबडीत डोक्यावरचा पदर सरकला होता, तो तिने सावरला. सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग तिचा नवरा जालिंदर बसला होता तिकडे. जालिंदर काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. तो थांबला.

"आन् माझा कोयता?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. उसात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याने तोडायचं, बायकोने गोळा करून मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. मुकादम मोजतो ते कोयते मोजतो, माणसं नाही. एकट्या बाप्याला अर्धा कोयता म्हणतात आणि एकट्या बाईला कोणी काहीच म्हणत नाही, कारण तिला कोणी नेतच नाही.

शिवकन्याने हे सगळं आधी घोकून ठेवलं होतं. "जाऊबाई जातील की तुमच्यासंगं," ती म्हणाली. "त्यांना कोण नेतंय न्हाईतर?"

जाऊबाई म्हणजे विमलबाई, जालिंदरच्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन तीन पावसाळे झाले होते. तेव्हापासून ती गावातच होती आणि टोळी निघताना दरवर्षी रस्त्यापर्यंत सोडायला यायची. वयाने जालिंदरपेक्षा मोठी, अंगाने काटक. ती ओट्याच्या कडेला बसली होती. स्वतःचं नाव ऐकून तिने मान वर केली नाही, पण पाटीतल्या शेंगा निवडणारे तिचे हात थांबले.

"वैनी चालंल का मुकादम?" जालिंदरने विचारलं.

"कोयता पुरा असल्याशी मतलब," शहादेव म्हणाला. "मोळी बांधती का वैनी?"

"नवरा होता तवर कोण बांधत होतं मंग, तुझी माय?" विमलबाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. तिथेच ठरलं.

शिवकन्याला ही नोकरी का हवी होती, ते तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की लेकीसाठी. अश्विनी अंबाजोगाईला वसतिगृहात राहून शिकत होती; सुट्टीत तिला उघडं घर मिळत नसे, मामाकडे जावं लागे. हे खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं. लग्न होऊन आल्यापासून शिवकन्याने आपल्या घरातला हिवाळा पाहिला नव्हता. दारापुढच्या बोरीला बोरं कधी पिकतात ते तिला माहीत नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेली बाई, वर्षाचा निम्मा भाग उसाच्या पाचटावर झोपत होती. एकदा तरी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एका जागी राहून बघावं असं तिला वाटायचं, एवढंच.

गाडी निघाली त्या दिवशी विमलबाई टपावर चढली आणि शिवकन्या खाली रस्त्यावर उभी राहिली. जालिंदरने वरून विचारलं, "तव्याचं कालथं घेतलंस का?" प्रश्न नेहमी तिला असायचा, म्हणून ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच वरून विमलबाई म्हणाली, "घेतलं, घेतलं."

*

पहिले दिवस सुखाचे गेले. तिला झाडूचं काम आवडलं. पाणवठा म्हणजे सिमेंटची उथळ बशी. मध्ये वीतभर खोल, कडेला बोटभर. टँकरवाला नळी सोडायचा, ती शेवाळ घासून काढायची, पडलेली पानं, मेलेल्या मधमाश्या काढायची. मधमाश्या बुडू नयेत म्हणून तिने कडेला चार दगड ठेवले. वनरक्षक भारतने ते पाहिलं आणि बाकीच्या पाणवठ्यांवरही ठेवायला लावले. भारत दिंद्रुडकडचा, नुकताच नोकरीला लागलेला पोरगा. मोटरसायकलवर यायचा, "ताई, काय म्हणतंय जंगल?" असं विचारायचा आणि उत्तर पुरं होण्याआधी पुढच्या बीटला निघायचा. त्याच्याकडे बारा गावं होती. बरोबर लागलेल्या दोन पुरुषांपैकी एक डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होता. दुसरा मोहनरावांचा पुतण्या. तो कामापेक्षा पाटोद्याच्या बाजारात जास्त दिसायचा.

म्हणजे दिवसभर ती आणि मोर.

हिवाळ्यात मोरांना पिसारा नसतो. भादव्यातच गळून गेलेला असतो. नवीन यायला शिमगा उजाडतो. तोवर मोर आणि लांडोर लांबून सारखेच दिसतात. फक्त नराच्या मानेवरचा निळा तेवढा वेगळा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, बघून कळलं. पाण्यावर आधी लांडोरी यायच्या, मागून पिल्लं. पक्षी चोच बुडवतो आणि मान वर करतो. पाणी त्याला गिळता येत नाही, ओतून घ्यावं लागतं. मान वर केली की डोळा आभाळाकडे. दरेक घोटाला एकदा. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली आणि सांगायला म्हणून बाजूला वळली. बाजूला बाभूळ होती.

गावात तिच्या आळीला सगळी कुलपं. टोकाच्या घरात आश्रुबा म्हातारा एका शेळीसोबत राहायचा, त्याला कमी ऐकू यायचं. ती त्याला रोज भाकरी नेऊन द्यायची. "आज काय केलंस?" तो विचारायचा. ती सांगायची. तो "हां हां" म्हणायचा आणि भलतंच विचारायचा. संध्याकाळी एका घरापुरती चूल पेटवायची म्हणजे काय ते तिला आता समजलं. उसात शंभर चुली एकदम पेटतात. धुराने डोळे झोंबतात, शेजारच्या पाचटाच्या कोपीतलं भांडण ऐकत भाकरी थापावी लागते. तेव्हा वैताग यायचा. आता भाकरी थापताना थापण्याचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. तिने मग हात हलका केला.

बोरं पिकली. तिने टोपलंभर काढली. खाणार कोण? अश्विनी सुट्टीत आली, दोन दिवस राहिली, बोरं मैत्रिणींना घेऊन गेली. "आई, किती शांत आहे गं इथं," ती म्हणाली. तिला ते आवडलं होतं.

फोन यायचा. सुरुवातीला जालिंदर रोज करायचा.

"तुझी मोरं काय म्हणत्यात?"

"पाणी पित्यात."

"पगारी मोरं हायेत बाबा. आमाला इथं पाणी प्यायला टाइम न्हाई."

मग तो फडाचं सांगायचा. ऊस किती उंच आहे, रान ओलं आहे की कोरडं, गाडीवाला किती छळतो. शिवकन्या ते कान देऊन ऐकायची. कुठल्या शिवारात कोप्या आहेत हे तिला नावावरून कळायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला असतील तर सरपण जवळ, हेही कळायचं. पण पौष सरता सरता त्याच्या बोलण्यात एक गोष्ट वेगळी ऐकू यायला लागली. "आमी आज लवकर भरलं," तो म्हणायचा. "आमी बांधावरनं गेलतो." वीस वर्षं तो "आमी" म्हणाला की त्यात ती असायची. आता ती फोनच्या या टोकाला होती.

संशयाचं काही नव्हतं. विमलबाई कोपीच्या एका अंगाला मुकादमाच्या आईबरोबर झोपायची, हे शिवकन्याला ठाऊक होतं, आणि नसतं ठाऊक तरी तिला तसलं काही वाटलं नसतं. पाटोद्याच्या बाजारात एका बाईने टोमणा मारलाच: "कावून गं, नवरा दिला जावेला आन् मोर घेतला व्हय?" शिवकन्या म्हणाली, "मोर भाकरी मागत न्हाई, बाई." बायका हसल्या, तीही हसली. घरी येताना मात्र तिला जाणवलं की आपण त्या दिवशी बोललेलं तेवढं एकच वाक्य.

शिमगा आला. दरवर्षी याच सुमाराला पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो आणि गाड्या माघारी येतात. तिने घर सारवायला पाण्याचा हिशेब बसवला, नहाणीतलं पाणी साठवून अंगण सारवलं. शेजारच्या दोन घरांपुढचं झाडून घेतलं. मोरांना पिसारे आले होते. पहाटे डोंगर ओरडून उठत होता. हे सगळं टोळीला दाखवायचं होतं.

फोन आला. "पट्टा पडला," जालिंदर म्हणाला. "पर आमी येत न्हाई इतक्यात."

"कावून?"

"येऊन काय करावं? पाणी हाय का तिकडं? इथं बागाईतदार म्हणतोय, थांबा. कारखाना बंद झाला पर जनावरांच्या छावण्यांना ऊस लागतोय. आपल्याच तिकडं गाड्या जात्यात चाऱ्याच्या. पावसाळ्यापोत काम हाय. कोपी बांधून देतो म्हणला, नदीचं पाणी हाय. त्याला जोडी पाहिजे."

"जोडी."

"व्हय. वैनी हायेत. न्हाईतर तू ये, वैनीला गावी धाडतो. तुझं तू बग."

टोळीतल्या बऱ्याच जणांनी असंच ठरवलं होतं. शहादेवसुद्धा राहिला होता. पावसाळ्यापर्यंत करंजदरा रिकामाच राहणार होता.

तिने दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, झाडू मारताना तेच वाक्य उलटं-सुलटं करून पाहिलं. "न्हाईतर तू ये." यात बोलावणं होतं का? तिने भारतला सुट्टी मागितली.

"ताई, दोन-तीन दिवस मी बघतो टँकरचं," भारत म्हणाला. "पण जास्त नका लावू. उन्हाळा तोंडावर आहे. तुम्ही नसलात तर संस्था दुसरी बाई देईल, मोहनराव त्यावर टपूनच आहेत, त्यांच्या मेहुणीचं नाव सांगत होते. एकदा नाव बदललं की माझ्या हातात काही नाही."

"जाऊन येते," ती म्हणाली. येते की राहते हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. पेटीतून तिने तिची उसातली जुनी साडी आणि डोक्यावरची चुंबळ पिशवीत टाकली. घराला कुलूप लावलं आणि किल्ली आश्रुबाच्या हातात न देता कमरेला खोचली. मग परत फिरून त्याच्याकडे दिली.

*

जामखेड, करमाळा, टेंभुर्णी. एसटीच्या खिडकीतून रान हळूहळू रंग बदलत गेलं. आधी नुसता दगड, मग काळं ढेकूळ, मग एकाएकी हिरवं. रात्र एका स्टँडवर बायकांच्या घोळक्यात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडावर पोचली. ऊन चढायचं होतं. उसाचा ओला, गोडसर वास आला आणि तिच्या पायांना वाट आठवली. कोणाला न विचारता ती बांधावरून चालू लागली.

लांबूनच तिने दोघांना पाहिलं. जालिंदर वाकून तोडत होता. बुडख्यावर एक घाव, वर उचलून शेंड्यावर एक घाव, मग ऊस मागे. विमलबाई मागून येत होती. ऊस पडतो न पडतो तोच तिचा हात त्यावर. दोघं बोलत नव्हती. बोलायची गरजच नव्हती. शिवकन्या बांधावर थांबली आणि तिला वाटलं, आपण असे दिसत होतो तर.

"आगं!" जालिंदरने पाहिलं. तो फडातून बाहेर आला. चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता. "सांगितलं न्हाईस, काय न्हाई. चा घे. वैनी, बघा कोण आलंय!"

विमलबाई आली. तिने शिवकन्याचा चेहरा पाहिला, हातातली पिशवी पाहिली. "बस, दमली आसशील," म्हणाली आणि कोपीत गेली. पाणी घेऊन ती लगेच येईल म्हणून शिवकन्या वाट पाहत राहिली. आली नाही म्हणून आत डोकावली. विमलबाई दोरीवरचं लुगडं काढून घडी घालत होती. गाठोड्यात दुसरं लुगडं, कंगवा, नवऱ्याचा काचेच्या चौकटीतला फोटो आधीच गेला होता.

"हे काय करताव, जाऊबाई?"

"आवरते. तू आलीस ना आता." आवाजात राग नव्हता. "दुपारनं छावणीची गाडी हाय आपल्या तिकडं जाणारी. डायवर वळखीचा हाय. तिच्यात जाते बसून."

"मी कुठं म्हणले जावा म्हणून?"

"म्हणावं लागतं व्हय?" विमलबाईने गाठ मारली. "आसू दे गं. एक साल तर मिळालं. लोकांत राहिले. गावात बसून बसून जीभ वाळली होती माझी."

 शिवकन्याने बाहेर येऊन चुंबळ डोक्यावर बसवली, पदर खोचला आणि जालिंदरला म्हणाली, "चला. बघू येतंय का अजून."

"तुला न येऊन कसं चालंल?" तो हसला आणि वाकला.

ती त्याच्या मागे, उजव्या अंगाला उभी राहिली. तिची जागा ती. वीस वर्षं ऊस तिच्या उजव्या हाताशी येऊन पडायचा. बुडखे एका रेषेत, इतके की नुसती कव मारली की मोळी. जालिंदरने घाव घातला, उचललं, शेंडा उडवला आणि ऊस मागे टाकला.

ऊस डाव्या बाजूला पडला.

तिला वाटलं, चुकून. दुसरा पडला, तोही डावीकडे. तिसरा. ती त्याच्या मागून वळसा घालून गोळा करायला गेली तोवर चौथा तिच्या पायावर आला.

"आवो, इकडं टाका की."

"कुठं?"

"उजवीकडं. नेहमीसारखं."

तो उभा राहिला, मागे पाहिलं, आपल्याच हाताकडे पाहिलं. "मी तिकडंच टाकलो ना?" मग त्याच्या ध्यानात आलं. "आगं, वैनी डावखुऱ्या हायेत. त्यांना तिकडून जमत न्हाई. पहिल्या दिवशी लई घोटाळा झाला, मंग मीच…" त्याने कोयता नीट धरला. "टाकतो उजवीकडं."

त्याने टाकला. पाच-सहा ऊस नीट आले. मग त्याचं लक्ष घावाकडे गेलं आणि हात आपोआप डावीकडे वळला. पुन्हा ती म्हणाली, पुन्हा तो "हां हां" म्हणाला. पुन्हा तेच. त्याची यात काही चूक नव्हती. शरीर एकदा शिकलं की विचारत नाही. शिवकन्याला हे ठाऊक होतं, कारण तिच्या स्वतःच्या हातालाही उजवीकडचीच सवय होती आणि तोही ऐकत नव्हता.

शेवटी ती डावीकडे गेली. तिथे उभं राहून, उलट्या हाताने तिने मोळी बांधली. बांधली गेली. दुसरीही गेली. आठवड्यात हात बसला असता, पंधरा दिवसांत गती आली असती. हे काम तिला येत होतं. पण तिसरी मोळी आवळताना तिने खाली पाहिलं, तर विमलबाई सकाळपासून जिथे मोळ्या आवळत होती तिथे पाचटात पावलांनी दाबून दाबून झालेल्या दोन खोलगट जागा होत्या, आणि शिवकन्याची पावलं बरोबर त्यांत पडली होती.

कोपीच्या दारात विमलबाई गाठोड्यावर बसली होती. ती फडाकडे पाहत नव्हती. नदीकडे पाहत होती.

दुपारी तिघं एकत्र जेवली. शिवकन्याने आणलेली चटणी विमलबाईने वाढली. जालिंदर बोलत होता, गावातल्या पाण्याचं, आश्रुबाचं विचारत होता. अश्विनीचा अभ्यास कसा आहे म्हणाला. शिवकन्याने मोरांना पिसारे आल्याचं सांगितलं. "व्हय?" तो म्हणाला आणि भाकरी मोडली. मोर पाणी कसं पितात तेही तिला सांगायचं होतं, पण शेजारच्या कोपीतून कोणी तरी मीठ मागायला आलं, मग शहादेव आला, मग कोणाच्या तरी शेळीची गोष्ट निघाली. सगळे हसले. तिलाही हसू आलं, पण ती शेळी कोणती ते तिला माहीत नव्हतं.

"मंग, शिवकन्याबाई," शहादेवने जाताना विचारलं, "कायमच्या आलाव का पावण्या? पुढल्या सालचे कोयते आत्ताच ठरवून टाकतो मी. जालिंदरच्या जोडीला कोण, तेवढं सांगा."

जालिंदरने तिच्याकडे पाहिलं. विमलबाईने ताट उचललं आणि घासायला घेतलं, घासून झालेलंच ताट.

शिवकन्या वाट पाहत होती. तो म्हणाला असता, "ही," तर ती राहिली असती. मोरांना दुसरी बाई पाणी घालेल, असं तिने वाटेत एसटीत मनाशी म्हणूनही पाहिलं होतं. पण जालिंदर तसा माणूस नव्हता. तो कधी कोणाच्या आड आला नव्हता. तिने नोकरी मागितली तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

"तिचं ती सांगंल," तो म्हणाला.

"जाऊबाई," शिवकन्या म्हणाली. "जाऊबाईच ऱ्हातील."

"बघा बरं," शहादेव म्हणाला. "मागनं बदलायचं न्हाई."

"न्हाई बदलत."

बाहेर ताट ठेवल्याचा आवाज झाला. विमलबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं, आणि फक्त एवढंच म्हणाली, "शिवे, उसाच्या वाढ्याच्या दोन पेंढ्या घेऊन जा. आश्रुबाच्या शेळीला."

*

छावणीची गाडी तिसऱ्या प्रहरी भरली. जालिंदर तिला केबिनमध्ये चढवायला आला.

"राहिली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला.  "पर हातातलं काम सोडू नये, हेबी खरंच हाय."

"व्हय."

"पावसाला येतोच की."

"या."

राहिली असतीस तर बरं, आणि काम सोडू नये, ही दोन्ही वाक्यं त्याने मनापासून म्हटली होती. तिला ते कळत होतं. गाडी हलली तसा तो फडाकडे वळला. अर्ध्या वाटेत त्याने मागे पाहून हात केला. तोवर विमलबाई फडात उतरली होती.

ड्रायव्हर पन्नाशीचा, डोळे तांबारलेले. रस्ता लागल्यावर त्याने विचारलं, "कोण होते ते?"

"मालक. आन् जाऊबाई."

"मग तुमी का चालल्या?"

"मला नोकरी हाय."

"कुठं?"

"अभयारण्यात. मोरांच्या."

त्याने मान वळवून पाहिलं. "मोरांना काय नोकरी असती?"

ती सांगू लागली. आधी थोडक्यातच सांगणार होती. पाणवठे भरते, झाडते. मग बशी कशी असते ते सांगितलं. कडेला दगड का ठेवायचे ते सांगितलं. पिसारा कधी गळतो, कधी येतो, पिल्लं आईच्या मागे कोणत्या क्रमाने उतरतात. करमाळ्याच्या अलीकडे तिच्या लक्षात आलं की आपण केव्हापासून एकटेच बोलतोय. ती गप्प झाली.

"कावून थांबल्या?" ड्रायव्हर म्हणाला. "बोला की. सकाळपासून गाडीवर हाय, डोळा लागतोय माझा. तुमी बोलताव तवर बरं चाललंय."

"काय बोलू आता?"

"काय बी. ते पाण्याचं सांगा. पिऊन झाल्यावर काय करत्यात?"

गाडीच्या दिव्यांत रान पुन्हा कोरडं दिसायला लागलं होतं. मागे उसाच्या मोळ्या एकमेकींवर घासून करकरत होत्या.

"लगेच जात न्हाईत," शिवकन्या म्हणाली. "उगं उभी ऱ्हात्यात थोडा वेळ. मी बी उभीच ऱ्हाते. मंग एक कुणीतरी निघतं…"

जामखेडपर्यंत ती बोलत होती.